काकीचं ‘हं, मगे?’

२ मार्च

लिहायचं लिहायचं म्हणता तीन महिने गेले. डायरी डिसेंबरात दादरच्या फुटपाथवर घेतली, तीही गेल्या वर्षीची, त्यामुळे छापलेले वार सगळे चुकीचे. ठरवलं होतं, वार खोडायचा आणि आपली तारीख टाकायची. मग पेन सापडेना. खरं सांगायचं तर पेन होतं, मीच नव्हतो. आठ दिवसांसाठी गोकर्णला गेलो, तिथे हॉस्टेलात चादरी बदलायचं काम मिळालं, तिथेच पावणेदोन महिने काढले. परवा लालबागला परत आलो तेव्हा काकी दारात बसून लसूण सोलत होती. एवढंच म्हणाली, “इलंस? हात धुवन घे.” कुठे होतास, फोन का नाही केलास, काही नाही. बारावीला दोनदा नापास झालो तेव्हाही हेच म्हणाली होती, हात धुवन घे.

आईबाबा गावी, देवगडच्या पुढे. मी दहावीपासून जयवंतकाका आणि शांताकाकीकडे. त्यांना मूल नाही. चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, बाहेर गॅलरी, गॅलरीत काकीचं स्टूल.

आता मुद्दा. गोकर्णला एक पोरगा भेटला, तो पॉडकास्ट करतो. विषय काय, तर वेगवेगळ्या बसस्टँडवरचे चहा. ऐकणारे चार हजार! मी म्हटलं, चहाला चार हजार, तर आमच्या काकांच्या गोष्टींना किती? काका गिरणीत विणकर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तिथली भुतं काकांकडे अजून हजेरी लावतात.

५ मार्च

पहिली गोष्ट रेकॉर्ड केली. दत्तारामची. हा दत्ताराम काकांच्या शेजारच्या मागावर होता. गेल्यावरही दुसऱ्या पाळीला यायचा आणि विडी मागायचा. दिली तर त्या दिवशी धागा तुटत नसे. नाही दिली तर तुटून तुटून जीव नकोसा. काका म्हणतात, साहेबाला हे ठाऊक होतं आणि तो विड्यांचं बंडल खात्यातच ठेवायचा.

दुपारचं जेवण झालं की काका सांगतात. काकी हातातलं काम करत दर दोन वाक्यांनी म्हणते, “हं, मगे?” वर बघतही नाही. तिने म्हटलं नाही की काका थांबतात. “आयकतंस मां?” गावची रीतच ती, गोष्टीला हुंकार द्यायचा. नाही दिला तर गोष्ट वाटेत अडकते. आणि भुताची असली तर भूत घरातच राहतं, बाहेर जायला वाट मिळत नाही त्याला.

मी म्हटलं, काकी, इतक्या वेळा ऐकलंयस, तुला पाठ असेल. तर म्हणते, “पाठ आसा म्हणान काय झाला? तेंका ठावक नसता मां, की माका पाठ आसा.” हसली आणि खोकली. लसणीचं साल घशात गेलं असेल.

१७ मार्च

पाच गोष्टी टाकल्या. नाव ठेवलं ‘मागावरची भुतं’. आता लोकांना सापडणार कशा? त्यासाठी डिरेक्टरी असतात. पूर्वी टेलिफोनची जाडजूड असायची तशाच, पण पॉडकास्टच्या आणि नेटवर. नाव, फोटो, दोन ओळी, विषय भरायचा, मग ते तपासून यादीत घेतात. मराठीची एक आहे, ‘ऐकाऐकी’. फॉर्म भरायला बसलो आणि बाकीचे काय करतात ते बघू म्हणून एक मधमाश्यांवरचा लावला. राणीमाशी मेली की पोळ्याला काही तासांत कळतं म्हणे. दुपार त्यातच गेली. फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला.

विषयाला अडलो. इतिहास, समाज, आठवणी, भयकथा. भयकथेला सगळ्यात जास्त ऐकणारे दिसले, तेच निवडलं. काका म्हणाले, “भय कसला त्येच्यात? दत्ताराम गरीब माणूस.”

ऐकणारे आजवर अकरा. त्यातले तीन मीच.

१२ एप्रिल

ऐकाऐकीवरून उत्तर आलं! दादरच्या अपूर्वा म्हणून कोणी बाई ती डिरेक्टरी चालवतात, स्वतः ऐकून मग घेतात. लिहिलंय, सांगणाऱ्यांचा आवाज फार सुंदर आहे, मुख्य पानावर घ्यायला आवडेल. फक्त मागे एका बाईंचा आवाज आणि खोकला सतत येतो. भयकथेला शांतता लागते. आवाज साफ करता येईल का?

मलाही ते खटकत होतंच. एक अ‍ॅप मिळालं. बोट ठेवायचं, हा आवाज ठेव, हा नको. मग ते आपणच शोधून काढतं. पडद्यावर काकांचा आवाज म्हणजे डोंगर, काकीचा म्हणजे मागची टेकडी. शेवटी हिशोब दाखवतं. पाच गोष्टींत मिळून ९४ जागा साफ केल्या. ‘हं, मगे?’ ५३, खोकला ४१. जुन्या फायलींच्या जागी नव्या चढवल्या. कानाला एकदम चकाचक, स्टुडिओत केल्यासारखं.

२१ एप्रिल

मुख्य पानावर आलो! सकाळपासून साडेतीनशे जणांनी ऐकलं. काकांचा फोटो बघून शेजारच्या सुरुचीवहिनी म्हणाल्या, “काका, आता तुम्ही सेलिब्रिटी. बाथरूमला जाताना सही देत जा.” काकांनी त्या दिवशी दाढी केली.

काकीला ऐकवलं. जरा वेळ ऐकून म्हणाली, “माका कित्याक काढलंस? मी काय भूत आसंय?”

मी म्हटलं, तसं नाही गं, लोकांना डिस्टर्ब होतं. म्हणाली, “बरा केलंस. माझा काय कामाचा त्येच्यात.” आणि दम खात भात गाळायला उठली. रागावली नव्हती. रागावली की ती वाढताना डाव आपटते. नाही आपटला.

३ मे

नवीन गोष्टी रेकॉर्ड करताना काकीला गॅलरीत बसवायला लागलोय. साफसफाईचं काम वाचतं. शिवाय हल्ली तिचं ‘हं’ आणि ‘मगे?’ एका दमात येत नाही. मध्ये श्वास. मार्चच्या गोष्टींत दोन्ही चिकटून होती, एका बोटात उडायची. आता ‘हं’ वेगळं काढा, श्वास वेगळा काढा, ‘मगे?’ वेगळं काढा. तिप्पट काम.

काका मात्र माईकसमोर अडखळतात. सारखे दाराकडे बघतात. “कोणाक सांगतंय मी? ह्या डबड्याक?”

बाहेरून काकी म्हणाली, “सांगा हो, आयकता तां. तेचे कान बरे आसत.”

मी दारातून वाकून बघितलं तर ही स्टुलावर बसून तोंड हलवतेय. बिनआवाजाचं ‘हं, मगे?’. हसायला आलं मला, फोटो काढायला हवा होता. काकांच्या चपला घालून बसली होती. तिच्या तिला होत नाहीत म्हणते, उन्हाळ्याने पाय सुजतात. झोपतेही बसून, भिंतीला उशी लावून. आडवं झालं की उकडतं म्हणे. खरंय, उकाडा फार आहे यंदा.

१८ मे

शिवडीला गेलो होतो! सुरुचीवहिनींच्या भावाने सांगितलं, फ्लेमिंगो अजून आहेत, बघायचे तर आत्ताच. ओहोटीला चिखलात गुलाबी गुलाबी, मागे गोदामं आणि ट्रक. त्यांचा आवाज इतका विचित्र, बदकाने शिवी दिल्यासारखा. वाटलं, पुढचा पॉडकास्ट हाच, मुंबईतल्या पक्ष्यांचा. फोनमध्ये जागा संपली. काकांच्या कच्च्या रेकॉर्डिंगनी अर्धा फोन भरलेला, त्या सगळ्या उडवल्या. पक्क्या चढवलेल्या आहेतच.

दोन तासांचे फ्लेमिंगो आणले. घरी येऊन ऐकलं तर नुसता वारा.

९ जून

काकी गेली. परवा सकाळी.

१६ जून

लिहायला बसलो आणि उठलो, असं चार वेळा झालं.

सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली. सुरुचीवहिनींनी टॅक्सी आणली. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी झालंय, हे एका दिवसाचं नाही. “खोकला कधीपासून आहे?”

मी म्हटलं, दोन-तीन दिवस झाले असतील.

काका म्हणाले, “थंडीपास्ना.”

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांना वाटलं असेल, ही दोन माणसं वेगवेगळ्या घरात राहतात.

आईबाबा आलेत गावाहून. बारावं झाल्यावर आठवडाभर राहून जातील. आई भात गाळते तेव्हा मला उगाच बाहेर जावंसं वाटतं.

२६ जून

आईबाबा काल गेले. खोलीत आम्ही दोघं. काका बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पाणी आलं, दूधवाला आला, इतपत. गोष्ट नाही. ऐकाऐकीवर लोक विचारतायत, पुढची कधी.

आज जेवण झाल्यावर स्वतःहून म्हणाले, “झिला, ती पयली लाव. दत्तारामाची.”

मला बरं वाटलं. लावली. काका भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. दत्ताराम आला, विडी मागितली. इथे काकांनी डोळे उघडले. गोष्ट पुढे गेली. काकांनी हात वर केला, थांबव म्हणून.

“हय ती ‘हं’ म्हणता. खंय गेला तां?”

मी म्हटलं, काढलं काका. एप्रिलमध्ये. सगळ्यांतून.

“आणि तुज्या मोबाईलात?”

ते पण उडवलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, “माजो आवाज माज्या गळ्यात आसा रे. तो आयकूक माका मशीन कित्याक व्हया?” मग उठून गॅलरीतलं स्टूल आत आणून ठेवलं.

२९ जून

तिचा आवाज दुसरीकडे कुठे असेल? तीन दिवस तेच शोधतोय. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यात रेकॉर्डिंग नाही. गावच्या लग्नाच्या सीडीत ती आहे, आईने सांगितलं, पण वर गाणी टाकलीत आणि ही नुसती अक्षता टाकताना दिसते. फ्लेमिंगोंचे दोन तास मात्र आहेत माझ्याकडे.

मग सुचलं. आपण एका डिरेक्टरीत नाव घातलं, पण बाकीच्या डिरेक्टरी एकमेकींचं बघून आपोआप उचलतात. शोधलं तर ‘मागावरची भुतं’ चौदा ठिकाणी निघालं! एक जपानी आहे, एक कुठली अरबी, एकीने आम्हाला धर्म आणि अध्यात्मात टाकलंय. सगळीकडे काकांचा तोच दाढी न केलेला फोटो. कुठेतरी एखाद्याने मार्चमधलं तसंच ठेवलं असेल. एकेक उघडत गेलो. चौदा ठिकाणी दत्तारामने विडी मागितली आणि चौदा ठिकाणी पुढे कोणी काही म्हटलं नाही.

४ जुलै

दादरला जाऊन आलो. ऑफिस म्हणजे अपूर्वामॅडमचं घरच, पुस्तकांच्या दुकानावर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. मी सरळ विचारलं, तुमच्याकडे जुन्या फायली असतील ना?

“नाही रे. आम्ही फाईल ठेवतच नाही. डिरेक्टरीत फक्त पत्ता असतो. माणूस बटण दाबतो, आम्ही त्याला तुझ्या दारात आणून सोडतो. घरात काय आहे ते तुझं तू ठेवायचं.”

“मग त्या चौदा?”

“त्या पण तुझ्याच दारात.”

मग त्यांनी विचारलं, काय हवं होतं. मी सांगितलं. लॅपटॉपवर स्वतःचं एप्रिलचं पत्र काढून वाचलं. “मी ‘एका बाईंचा आवाज’ असं लिहिलंय,” म्हणाल्या. “विचारायला हवं होतं, कोण आहेत.”

मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला काय माहीत. मला माहीत होतं ना.

त्यांनी एक वाट सांगितली. ज्यांनी १२ एप्रिलच्या आधी एखादी गोष्ट आपल्या फोनमध्ये उतरवून घेतली असेल आणि पुसली नसेल, त्यांच्याकडे जुनी असू शकते. मुख्य पानावर निवेदन लावू म्हणाल्या. तेव्हा ऐकणारे किती होते? मी आकडा बघितला. सदतीस. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. चहा विचारायचा राहिला, असं खाली पोचल्यावर वरून ओरडून म्हणाल्या.

२० जुलै

निवेदनाला उत्तरं. एक, तुमचा पॉडकास्ट टॉप टेनमध्ये आणून देतो, संपर्क साधा. दोन, खरं भूत बघायचंय, पत्ता द्या. तीन, फाईल पाठवतोय. उघडली तर एप्रिलनंतरची. चार, दत्तारामाच्या विडीचा ब्रँड कुठला?

काकांना सांगितलेलं नाही. उगाच आशा कशाला.

२ ऑगस्ट

आज दुपारी मी म्हटलं, काका, एक गोष्ट सांगा ना. मशीन नाही लावत, नुसतं मला. बरीच विनवणी केल्यावर सुरू केलं, जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, टोपीची गोष्ट. दोन वाक्यं झाली. मी म्हटलं, “हं, मगे?”

काका थांबले.

“तू नको म्हणा.”

“का? हुंकार पाहिजे ना?”

“तुका पुढचा नको असता. तू माका बरा वाटाचा म्हणान म्हणतंस. ती खराच इचारी.”

चाळीस-पंचेचाळीस वर्षं तीच तीच गोष्ट, आणि खराच इचारी. मी वाद घातला नाही. जॉबरची टोपी तिथेच राहिली, मागाच्या दांडीला लटकलेली. पुढे काय होतं ते मला माहीत नाही. खरंच नाही. मार्चपासून ही गोष्ट कितीदा ऐकली असेल, पण माझं लक्ष त्या टेकड्यांकडे असायचं, कुठली पुसायची याच्याकडे.

गोकर्णच्या हॉस्टेलवाल्याचा फोन आला होता, सीझनची तयारी सुरू करायचीय, येतोस का. बॅग भरली. मग आंघोळीचा टॉवेल वाळत होता म्हणून थांबलो. टॉवेल संध्याकाळी वाळला. बॅग तशीच आहे.

११ ऑगस्ट

निवेदन मुख्य पानावरून खाली गेलं. अपूर्वामॅडमनी आधी कळवलं होतं, नवीन पॉडकास्टांना जागा द्यावी लागते. बरोबरच आहे. सदतीसपैकी तीन मी होतो, सुरुचीवहिनी आणि त्यांचा भाऊ धरून पाच. राहिले बत्तीस. बत्तीस माणसं कुठे कुठे असतील, त्यांनी फोन बदलले असतील, जागा कमी पडली म्हणून उडवलं असेल. मीच नाही का उडवलं.

काका आज स्टुलावर बसून तांदूळ निवडत होते. खडे त्यांना दिसत नाहीत. तरी निवडतात.

१७ ऑगस्ट

उभ्याउभ्या लिहितोय, माठाजवळ. पाणी न्यायला आत आलो आणि लिहिल्यावाचून राहवेना म्हणून.

सुरुचीवहिनींनी गॅलरीतून हाक मारली, “वैभव, बाहेर ये रे. कोण बाई आल्यात बघ, अँटॉप हिलवरनं. चार चाळी फिरल्या म्हणे विचारत विचारत.”

साठीच्या असतील. ललिता नाव. इस्त्रीची साडी, घामाघूम, कुठल्या सरकारी प्रेसमधून रिटायर झाल्यात. निवेदन वगैरे काही वाचलेलं नाही. मी म्हटलं, काकांना भेटायचंय ना, पॉडकास्टवाल्या? तर म्हणाल्या, “नाही रे बाळा, त्यांना नाही. त्या बाईंना. त्या ‘हं, मगे?’ म्हणतात ना, त्यांना.”

त्याच बोलत राहिल्या. “माझ्याकडे नेट नाही. मुलीकडे गेले होते मार्चमध्ये, तिने पाच गोष्टी भरून दिल्या फोनात. त्याच ऐकते रोज पोळ्या करताना. त्यांच्याबरोबर मी पण म्हणते, हं, मगे. परवा मुलीकडे पुढच्या ऐकल्या तर ह्या नाहीतच. म्हटलं काय झालं? पहिल्यापासून त्यांचा तो खोकला मला बरा वाटत नव्हता. अंगावर काढतायत बाई. काकांनी गोष्टीत लालबागची चाळ म्हटलंय, म्हटलं जाऊनच बघावं.”

पेपरात गुंडाळलेला अडुळसा आणलाय त्यांनी, कॉलनीच्या कुंपणावरचा, ओला. काढा कसा करायचा ते मला सांगितलं, आठ पानं, दोन कप पाणी, एक कप उरेपर्यंत.

काका तांदळाचं ताट घेऊन दारात उभे आहेत, त्यांनी सगळं ऐकलंय. काकी गेल्याचं ललिताबाईंना अजून कोणी सांगितलेलं नाही. काका स्टूल पुढे सरकवून म्हणतायत, “बसा. दमून इलात. वैभव, पाणी हाड रे, पाव्हणी इली हा.”